सांताक्रूझ बेटावरची बडीशेप

(दृश्य : मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना उंच पिवळी झाडी. मधून जीप जाते.)

जीपच्या टपापेक्षा उंच गेलेली ही झाडी बडीशेपेची आहे. जेवण झाल्यावर आपण चिमूटभर तोंडात टाकतो, तीच. गुजरात-राजस्थानच्या शेतांतून आपल्याकडे येते, तीच जात. पण इथे तिची कुणी पेरणी केलेली नाही आणि कापणीलाही कुणी येणार नाही.

हे सांताक्रूझ बेट. मुंबईतलं नव्हे, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरचं. चॅनल आयलंड्स या आठ बेटांमधलं हे सगळ्यात मोठं, क्षेत्रफळ साधारण २५० चौरस किलोमीटर.

(दृश्य : फुलोरा अगदी जवळून. मग तळहातावर दाणे.)

एका देठाला काड्यांची छत्री, त्या प्रत्येक काडीच्या टोकाला आणखी एक छोटी छत्री, आणि तिच्यावर मोहरीएवढी पिवळी फुलं. फुलं गळली की दाणे धरतात. वाळलेला दाणा चिमटीत दाबला की त्याची दोन शकलं होतात. प्रत्येक शकलावर पाच उभ्या धारा दिसतात. धारांमधल्या खोबणीखाली तेलाच्या बारीक नळ्या असतात आणि तो ओळखीचा वास त्या तेलाचा. हे दाणे बुटाच्या तळव्याला, चाकाच्या नक्षीत, जनावराच्या केसांत अडकलेल्या चिखलातून सहज प्रवास करतात. म्हणूनच ही झाडी रस्त्याच्या कडेला सगळ्यात दाट आहे.

(दृश्य : खणलेल्या खड्ड्यात झाडाचं मूळ.)

खाली जाड सोटमूळ असतं. वरचं झाड कापलं तरी मूळ शाबूत राहतं आणि पाऊस पडला की पुन्हा कोंब येतात.

(दृश्य : जुन्या रँचच्या इमारती, कुंपणं, कृष्णधवल छायाचित्रं.)

बडीशेप मूळची भूमध्य समुद्राकाठची. युरोपातून आलेल्या माणसांनी ती स्वयंपाकासाठी कॅलिफोर्नियात आणली. या बेटावर हजारो वर्षं चुमाश हे इथले आदिवासी लोक राहत होते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला ते बेटावरून गेले आणि पुढे इथे रँच, म्हणजे गुरं-मेंढ्या पाळायचे मोठे मळे, उभे राहिले. त्यांच्याबरोबर मेंढ्या आल्या, गाई आल्या, डुकरं आली. डुकरं आणि मेंढ्या मोकाट सुटल्या. डोंगर उघडे पडले, माती घसरली. बडीशेपही याच काळातली पाहुणी. पण गुरं चरत होती तोवर ती आवाक्यात होती.

१९७८ मध्ये नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने बेटाच्या मोठ्या भागाची जबाबदारी घेतली. मेंढ्या हटवल्याशिवाय बेट वाचणार नाही, हे स्पष्ट होतं. १९८१ पासून पुढच्या काही वर्षांत ३७ हजारांहून अधिक मेंढ्या काढण्यात आल्या. १९८८ मध्ये गाईबैलही गेले. हे करणं गरजेचंच होतं. मात्र त्या वेळी दुष्काळ चालू होता. १९९१ मध्ये पाऊस परतला तेव्हा तोंड घालायला गुरं उरली नव्हती आणि बडीशेपेला मोकळं रान मिळालं. बघता बघता बेटाचा सुमारे दहावा हिस्सा तिने व्यापला.

(दृश्य : पेटलेला उतार, धूर, कडेला उभी असलेली माणसं.)

मधल्या खोऱ्यात तिच्याशी दोन हात करायचे प्रयोग झाले, ते असे. शरद ऋतूत, झाडी वाळलेली असताना ती पेटवून द्यायची. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या जुन्या काड्यांचं जंगल जळून जातं आणि आत शिरायला वाट होते. मुळं मात्र जिवंत असतात. पावसाळा तिथे हिवाळ्यात. पाऊस झाला की राखेतून हिरवे कोंब उठतात. वसंतात हे कोंब कोवळे असतानाच त्यांच्यावर तणनाशक फवारायचं. नुसती आग लावली तर झाड पुन्हा फुटतं. जुन्या झाडीवर नुसती फवारणी करायची, तर औषध दाट काड्यांमधून नव्या पानांपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून आधी आग, मग औषध, हा क्रम पाळावा लागतो.

(दृश्य : पिवळसर गवताचा उतार, वाऱ्याने हलतोय.)

बडीशेप कमी झाली. पण तिच्या जागी स्थानिक झाडं परतण्याऐवजी बरीचशी परदेशी गवतंच आली. शतकभराच्या चराईने मूळ झाडांचं बीच त्या जमिनीत फारसं उरलेलं नव्हतं. तण काढणं ही कामाची सुरुवात आहे, हे प्रत्येक निसर्गप्रेमी संस्थेने लक्षात ठेवायला हवं.

(दृश्य : डुकरांनी उकरलेली जमीन. मग आकाशात गरुड, झुडपात लहानसा कोल्हा.)

बडीशेपेच्या याच झाडीत रानटी डुकरांना लपायला आडोसा मिळाला आणि त्यांनी उकरलेल्या जमिनीत तणांना रुजायला जागा. त्यांची पिल्लं खायला सोनेरी गरुड आले आणि त्यांनी मांजरापेक्षाही हलके असे इथले कोल्हेही टिपले. सुमारे १,५०० कोल्ह्यांचे शंभराहून कमी उरले.

(दृश्य : डोंगरउतारावरून जाणारं कुंपण, हेलिकॉप्टर.)

मग बेट कुंपणांनी पाच भागांत विभागलं. एक भाग डुकरांपासून मोकळा केला की पुढचा. २००५ आणि २००६ मध्ये पाच हजारांवर डुकरं हटवली. सोनेरी गरुड जिवंत पकडून बेटाबाहेर नेले. कोल्ह्यांची पिंजऱ्यात पैदास करून त्यांना पुन्हा रानात सोडलं. २०१६ मध्ये हा कोल्हा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला.

(दृश्य : ओकच्या फांदीवर निळा पक्षी, चोचीत ओकचं फळ.)

हा ‘आयलंड स्क्रब जे’ नावाचा पक्षी. जगात फक्त याच बेटावर सापडतो. ओकची फळं तो जमिनीत पुरून ठेवतो. सगळी परत काढत नाही, आणि मागे राहिलेल्यांतून रोपं उगवतात. मेंढ्या-डुकरं गेल्यापासून ही रोपं जगू लागली आहेत.

(दृश्य : बंदरावर पर्यटक, बूट ब्रशने घासताना.)

बडीशेप अजून बेटावर आहे, रस्त्यांच्या कडेला तर भरपूर. म्हणून इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं : बोटीत चढण्याआधी बुटांचे तळवे, पिशव्यांच्या शिवणी आणि तंबूचे कोपरे झटकून साफ करा. परतताना पुन्हा तेच करा, कारण इथून पुढे दुसऱ्या बेटावर जाणारेही असतात.