समुपदेशनातला उपदेश

(दृश्य: सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा, भिंतीलगतचा बाक, एक अर्धवट लोटलेलं दार.)

पाटीवर लिहिलंय ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’. एवढं लांब नाव कुणी घेत नाही, सगळे ‘आयसीटीसी’च म्हणतात. इथं एचआयव्हीची तपासणी होते. आत टेबल, खुर्च्या, कपाट. आणि दार. ते नीट लागायला हवं.

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलाय, आणि या टेबलावर नेमका तोच चालत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं म्हणणं होतं की माणसाला अटी न घालता स्वीकारा, पुढची वाट तो स्वतः शोधतो. ‘लागण कशी झाली असेल?’ हे समुपदेशक मॅडमना नोंदीसाठी विचारावंच लागतं. पण तेच कपाळाला आठी घालून विचारलं, की माणूस पुन्हा फिरकत नाही.

१९६९ साली मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी मरणाला सामोरं जाण्याचे पाच टप्पे मांडले: नकार, राग, घासाघीस, खचणं, स्वीकार. मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडलेले. एड्सवर औषध नव्हतं तोवर ते इथंही लागू पडत. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली. आज रिपोर्ट हातात घेतलेला पंचविशीतला मुलगा तासाभराच्या रडण्यानंतर विचारतो, “मॅडम, लग्न करता येईल ना?” येतं. मरण स्वीकारायला शिकवणारा सिद्धांत या प्रश्नापुढे गप्प बसतो.

(दृश्य: टेबलावर गोळ्यांची डबी.)

डबीवरचं लेबल नखानं खरवडलेलं. आत कापूस कोंबलाय, पिशवीत खुळखुळू नये म्हणून. समोर बसलेल्या बाईनं घरी सांगितलंय, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत.

मानसशास्त्रज्ञ प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून सवय बदलण्याचे टप्पे ठरवले. त्यांच्या तक्त्यात ही बाई शेवटच्या, सातत्याच्या टप्प्यावर बसते. तिची सासू मात्र त्या तक्त्यात कुठंच नाही. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यामुळे बाईच्या संमतीशिवाय मॅडम सासूला काही सांगूही शकत नाहीत.

मग मॅडम विचारतात, “गोळी कधी घेता?”

“भांडी झाल्यावर. सासूबाई मालिका बघत असतात तेव्हा.”

“आणि लाइट गेली तर?”

बाई पहिल्यांदाच हसते. “मग मोरीत जाऊन.”

मॅडम डबीत कापसाचा नवा बोळा घालून देतात.