कपडेपटातून रस्त्यावर

(दृश्य : रॅकवर टांगलेले कपडे. कॅमेरा हँगरला अडकवलेल्या चिठ्ठ्यांवरून सरकतो.)

ही चिठ्ठी वाचा. पात्राचं नाव, भागाचा क्रमांक, प्रसंगाचा क्रमांक. खाली पेन्सिलीनं लिहिलंय : 'वरचं बटण उघडं, डावी बाही दुमडलेली.' टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचा कपडेपट अशा चिठ्ठ्यांवर चालतो. आज अर्धवट राहिलेला प्रसंग उद्या पुढे सुरू होणार, तेव्हा बाही तशीच आणि तेवढीच दुमडलेली हवी. प्रेक्षक आता फोनवर चित्र थांबवून पाहतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

तरुण मुलं मालिकेतला एखादा कपडा उचलतात, तेव्हा नाव होतं ते नटाचं. आम्ही कॅमेरा या खोलीत लावला.

(दृश्य : कापडाचे नमुने एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरले जातात. शेजारी मॉनिटर.)

हातात धरलं तर हे बारीक रेघांचं कापड किती देखणं आहे. आता मॉनिटरकडे पाहा, रेघा वळवळायला लागल्या. बाद. पुढचा शर्ट पांढराशुभ्र. दिव्यांखाली तो इतका भगभगतो की वरचा चेहरा काळवंडतो. असा शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून थोडा मळकट करायची युक्ती जुनी आहे. सळसळणारं कापडही चालत नाही. विनोदी वाक्याचा नेम शेवटच्या शब्दावर असतो, आणि माइकमध्ये सळसळ यायची ती नेमकी तिथेच येते. शिवाय सेटवरचा सोफा आहेच. सोफ्याच्याच रंगाचा स्वेटर घातलेलं पात्र त्यात बुडून जातं.

(दृश्य : सोफ्यावर बसलेली पात्रं, रंगीत जुनी छायाचित्रं.)

'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेत तर एकाच सोफ्याभोवती सहा जण होते. १९९४ ते २००४, एकूण २३६ भाग. वेशभूषाकार डेब्रा मॅग्वायर यांनी रंग वाटूनच टाकले. मोनिकाला लाल आणि काळा, रेचलला हिरवा-निळा, फीबीला नक्षीची कापडं. आवाज बंद करून पाहिलात तरी कोणाचा स्वभाव काय ते बरंचसं कळेल. रेचलचा तो गाजलेला हेअरकट ख्रिस मॅकमिलन यांनी केला. मुली तिचा फोटो घेऊन सलूनमध्ये जायला लागल्या. तो कट रोज नीट बसवणं किती कटकटीचं आहे, हे रेचल झालेल्या जेनिफर ॲनिस्टननं पुढे स्वतःच सांगितलं. त्यामागे रोज ब्रश घेऊन उभं राहणारं कोणी होतं, हे फोटोत दिसत नाही.

(दृश्य : कृष्णधवल चित्रं. दिवाणखाना, व्हॅक्यूम क्लीनर.)

थोडं मागे जाऊ. १९६१. 'द डिक व्हॅन डाइक शो'. त्या काळी अमेरिकन टीव्हीवरची गृहिणी घर झाडायची तेही घेरदार झगा आणि उंच टाचा घालून. या मालिकेत गृहिणी झालेल्या मेरी टायलर मूरला हे पटेना. आपल्या ओळखीतलं कोणी असं घर झाडत नाही, असं तिचं म्हणणं. तिनं घोट्याच्या वर येणारी कॅप्री पँट घातली. प्रायोजक बिचकले. पँट अंगाला फार चापून बसते, ही त्यांची तक्रार. शेवटी तडजोड झाली : एका भागात एकाच प्रसंगात पँट. हळूहळू ती अट विरून गेली आणि पँट राहिली.

(दृश्य : लेदर जॅकेट जवळून. कॉलर, चेन, झिजलेलं कोपर.)

हे जॅकेट डोळे भरून पाहा. अशाच एका जॅकेटवरून एका वाहिनीला घाम फुटला होता.

१९७४ साली 'हॅपी डेज' सुरू झाली. कथा १९५० च्या दशकातली. त्यात फॉन्झी नावाचा मोटारसायकलवाला तरुण, काम हेन्री विंकलरचं. लेदर जॅकेट म्हणजे गुंड, हे वाहिनीच्या डोक्यात पक्कं. म्हणून सुरुवातीच्या भागांत फॉन्झीच्या अंगावर फिक्या रंगाचं साधं कापडी जॅकेट दिसतं. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा दिसतो बिचारा. निर्माते गॅरी मार्शल यांनी वाद घातला, की मोटारसायकल चालवताना लेदर ही सुरक्षेची गोष्ट आहे. वाहिनी म्हणाली, ठीक आहे, मोटारसायकल जवळ असेल तेव्हाच लेदर. मार्शल यांनी लेखकांना सांगून टाकलं : मग मोटारसायकल सतत जवळच ठेवा. फॉन्झी लेदरमध्ये आला आणि मालिकेचा चेहरा होऊन बसला. पुढे वाहिनीनंही हट्ट सोडला. ज्याची भीती वाटत होती, ते जॅकेट मुलांच्या अंगावर आलंच, आणि फॉन्झीचं एक जॅकेट आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

(दृश्य : ब्लेझर उलटा केला जातो. आतलं रंगीत अस्तर.)

१९९०. 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर'. श्रीमंतांच्या शाळेचा गणवेश विल स्मिथनं उलटा करून घातला. अस्तर बाहेर. नियम मोडला नाही, फक्त उलटला. गणवेश घालणाऱ्या कुठल्याही मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. २०१९ मध्ये स्मिथनं बेल-एअरच्या नावानं कपड्यांचा ब्रँडच काढला.

(दृश्य : दोन हँगर शेजारी. एकावर झालरींचा फुगीर शर्ट, दुसऱ्यावर फिकी निळी जीन्स. खाली पांढरे स्नीकर्स.)

आता ही जोडी. आमच्या चित्रीकरणातली सर्वांत आवडती चौकट, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

'साइनफेल्ड' या मालिकेच्या १९९३ मधल्या एका भागात तिच्या नायकाला, जेरीला, चुकून झालरींचा, चाच्यांसारखा शर्ट घालून टीव्हीवर जावं लागतं. सगळा भाग त्या शर्टाची टर उडवण्यात जातो. प्रेक्षक हसले, शर्ट गाजला, २००४ मध्ये तोही स्मिथसोनियनमध्ये गेला. रस्त्यावर मात्र तो कोणी घातला नाही. रस्त्यावर आली ती ही दुसरी वस्तू : उंच कमरेची फिकी जीन्स, आत खोचलेला शर्ट, पांढरे बूट. तीसुद्धा मालिका संपल्यावर तब्बल पंधराएक वर्षांनी. २०१४ च्या आसपास 'नॉर्मकोअर' नावाची, मुद्दाम साधंसुधं दिसण्याची लाट आली, आणि मालिका चालू असताना जन्मलेली मुलं जेरीसारखी दिसायला लागली.

कारण या खोलीतल्या कोणालाही विचारा. ज्या कपड्यावर हशा पिकवायचा तो एकदाच येतो. पात्राचा रोजचा कपडा दर आठवड्याला येतो, वर्षानुवर्षं, त्याच दारातून, त्याच सोफ्यावर. चित्रपटातला नट दोन तासांत निघून जातो. मालिकेतलं पात्र जेवताना समोर असतं. त्याचा स्वेटर आपल्याला आपल्या भावाच्या स्वेटरइतका ओळखीचा होतो, आणि भावाचा स्वेटर ढापायला कोणाला संकोच वाटतो? कपडेपट हे जाणून असतो. म्हणून तेच जॅकेट पुन्हा येतं, फक्त आतला टी-शर्ट बदलतो.

(दृश्य : फोनच्या पडद्यावर सरकणारी कपड्यांची चित्रं. झपाट्यानं.)

याचा बाजार होतो, स्वस्त नकला निघतात, चार धुण्यांत विटतात आणि कचऱ्यात जातात. ऐपत नसलेली मुलंही त्यामागे लागतात. तेही आहेच.

(दृश्य : काळे-पांढरे कपडे, विगांची रांग.)

विगांवर मात्र आमचा कॅमेरा खिळला. 'शिट्स क्रीक', २०१५ ते २०२०. सगळी संपत्ती गमावलेलं एक कुटुंब छोट्या गावात येऊन पडतं. उरलंय काय, तर श्रीमंतीतले कपडे. कथाच कपड्यांवर उभी, आणि निर्मितीचा खिसा लहान. मग मालिकेचे एक कर्ते आणि नट डॅनियल लेव्ही आणि मंडळींनी बड्या डिझायनरांचे कपडे ऑनलाइन आणि सेकंडहँड शोधून काढले. कॅथरीन ओहारानं रंगवलेली त्या घरातली आई, मोईरा, डोक्यावर रोज नवा विग घालून, काळ्या-पांढऱ्यात, मोडक्या मोटेलच्या दारात उभी राहते, आणि तोंड उघडायच्या आधीच विनोद झालेला असतो.

सप्टेंबर २०२० च्या एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यात या मालिकेनं विनोदी गटातले सातच्या सात पुरस्कार नेले. मालिका, लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयाचे चार. जगभर बातमी झाली ती त्या रात्रीची. वेशभूषेचा पुरस्कारही याच मालिकेला, डेब्रा हॅन्सन यांच्या चमूला. पण वेशभूषेचे पुरस्कार मुख्य रात्री देत नाहीत. ते आधीच, वेगळ्या कार्यक्रमात उरकून घेतात.