सेगमेंट राउटिंग : लेबलांपासून कॉन्फिगरेशनपर्यंत

(सांगलीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि जिल्ह्यातील इंटरनेट सेवा व्यावसायिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, राउटिंगचा विषय निघाला की आपण मार्ग कसा शोधला जातो याचीच चर्चा करतो. अभ्यासक्रमात सर्वांत जवळचा मार्ग काढण्याचे गणित असते, परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येतो आणि विद्यार्थ्याचा असा समज होतो की हे गणित जमले म्हणजे राउटर झाला. आज मला सेगमेंट राउटिंगचे, म्हणजे वाहतुकीची वाट पहिल्याच राउटरने ठरवून देण्याच्या पद्धतीचे, उदाहरण घेऊन त्या गणिताच्या पुढची गोष्ट सांगायची आहे. चालू नेटवर्कवर माणूस एखादी सूचना देतो, ती सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या वाटेने जाते आणि वाटेत काय काय बिघडू शकते, हा आजचा विषय आहे. माझे मत स्पष्टच सांगतो. एखादी सुविधा दिलेल्या सूचनेप्रमाणे चालू होते एवढ्याने ती पूर्ण होत नाही. ती सूचना चालू असताना बदलता आली पाहिजे, मागे घेता आली पाहिजे आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर जशीच्या तशी परत आली पाहिजे.

ज्या सॉफ्टवेअरच्या आधारे मी बोलणार आहे त्याचे नाव एफआरआर, म्हणजे फ्री रेंज राउटिंग. त्याची वंशावळ थोडक्यात अशी. कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये झेब्रा नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यातून पुढे क्वागा निघाला आणि क्वागातून एफआरआर वेगळा झाला. २०१७ पासून हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. तो सी भाषेत लिहिलेला आहे आणि प्रत्येक प्रोटोकॉलसाठी, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या नियमांसाठी, त्यात स्वतंत्र प्रक्रिया चालते : वेगवेगळ्या नेटवर्कांमधल्या बीजीपीसाठी बीजीपीडी, एकाच नेटवर्कच्या आतल्या आयएस-आयएससाठी आयसिसडी आणि ओएसपीएफसाठी ओएसपीएफडी. या सगळ्यांनी काढलेले मार्ग एकत्र करून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, बसवणाऱ्या प्रक्रियेला आजही झेब्रा असेच म्हणतात.

आता सेगमेंट राउटिंगकडे वळू. आपल्याच जिल्ह्यातले एक काल्पनिक नेटवर्क डोळ्यांपुढे आणा. सांगलीहून विट्याला जायला फायबरच्या दोन वाटा आहेत. एक नदीकाठाने पलूसवरून जाते आणि दुसरी मिरज, तासगाव अशी वरून फिरते. पलूसची वाट जवळची असल्यामुळे आयएस-आयएस नेहमी तीच निवडतो. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की नदीकाठच्या केबलवर आणि तिथल्या विजेवर विसंबून राहणे योग्य नाही, हे २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या तुम्हा मंडळींना सांगायला नको. केबल तुटण्याची वाट न पाहता, दवाखान्यांची आणि प्रशासनाची महत्त्वाची वाहतूक आधीच तासगावमार्गे वळवावी असे तुम्हाला वाटते. बाकीची वाहतूक मात्र जवळच्याच वाटेने चालू राहिली पाहिजे.

असे काम पूर्वी आरएसव्हीपी-टीई या प्रोटोकॉलने केले जात असे. त्यात प्रत्येक बोगद्याची, म्हणजे आखून दिलेल्या मार्गाची, नोंद वाटेतल्या प्रत्येक राउटरला ठेवावी लागे आणि ती वरचेवर ताजी करत राहावी लागे. सेगमेंट राउटिंगने हा भार मधल्या राउटरांवरून काढला. पॅकेटने कुठून कुठून जायचे याची यादी पहिला राउटरच पॅकेटवर लेबलांच्या, म्हणजे क्रमांकांच्या, रूपात चढवतो, मधल्यांना त्या विशिष्ट प्रवाहाची काहीही माहिती ठेवावी लागत नाही. या रचनेचे मूळ तत्त्व २०१८ च्या आरएफसी ८४०२ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात सांगितलेले आहे.

आकडे घेऊन पाहू. सगळ्या राउटरांनी १६००० ते २३९९९ हा लेबलांचा पट्टा या कामासाठी राखून ठेवला आहे. त्याला एसआरजीबी म्हणतात. तासगावला २० आणि विट्याला ४० हा क्रमांक दिला, म्हणजे तासगावचे लेबल १६०२० आणि विट्याचे १६०४० झाले. सांगलीचा राउटर पॅकेटवर दोन लेबले चढवतो, वर १६०२० आणि खाली १६०४०, आणि पॅकेट मिरजेकडे सोडतो. मिरजेचा राउटर तासगावच्या अगदी आधीचा असल्यामुळे नेहमीच्या रीतीने वरचे लेबल काढून टाकतो. तासगावला पॅकेट पोहोचते तेव्हा त्यावर फक्त १६०४० असते. तासगावचा राउटर विट्याच्या आधीचा शेवटचा, म्हणून तेही लेबल तो उतरवतो आणि विट्याला साधे आयपी पॅकेट मिळते. मिरजेला आणि तासगावला हे पॅकेट दवाखान्याचे होते हे कधी कळलेच नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

कोणत्या वाटेने न्यायचे हे सांगणाऱ्या अशा सूचनेला धोरण म्हणतात, आणि एफआरआरमध्ये ही धोरणे पाथडी नावाची प्रक्रिया सांभाळते. लेबलांच्या यादीला एक नाव द्यायचे, धोरणाला एक रंग (म्हणजे ओळखीचा एक आकडा) आणि एक अंतिम पत्ता द्यायचा, आणि त्याखाली पसंतीच्या क्रमांकासह उमेदवार मार्ग लिहायचे. पसंतीचा आकडा ज्याचा मोठा, तो वापरण्याजोगा मार्ग निवडला जातो. इथवरचा भाग समजायला सोपा आहे आणि कागदपत्रांत चांगला लिहिलेला आहे, म्हणून मी त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. समजा, शेजारच्या मोठ्या नेटवर्कशी जोडणी करताना असे ठरले की आपला पट्टा १६००० ते २३९९९ ऐवजी २४००० ते ३१९९९ असा करायचा. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही एका ओळीची सूचना आहे. पण कॉन्फिगरेशनच्या आतल्या रचनेत पट्ट्याची खालची मर्यादा हा एक घटक आहे आणि वरची मर्यादा हा दुसरा. आपल्या कोडने प्रत्येक घटक बदलल्याबरोबर लगेच अंमल केला, तर मधल्या एका क्षणी खालची मर्यादा २४००० आणि वरची २३९९९ असेल. असा पट्टा अस्तित्वातच असू शकत नाही. त्या क्षणी कोडने लेबले बसवायला घेतली, तर काय होईल हे सांगता येत नाही.

म्हणून एफआरआरमध्ये नॉर्थबाउंड नावाचा एक थर उभारला आहे. कोणती सूचना कोणत्या आकाराची असावी, तिच्यात कोणते घटक असावेत, त्यांच्या मर्यादा काय, हे यांग या भाषेत लिहिलेले असते. यांगची १.१ ही आवृत्ती २०१६ च्या आरएफसी ७९५० मध्ये आहे. आलेला बदल आधी चालू कॉन्फिगरेशनच्या प्रतीवर केला जातो. मग तो चार टप्प्यांतून जातो आणि या टप्प्यांची शिस्त ज्याला कळली त्याला या सॉफ्टवेअरचा गाभा कळला असे मी म्हणेन. पहिला टप्पा तपासणीचा : सूचना तर्काला धरून आहे का एवढेच पाहायचे, कशालाही हात लावायचा नाही. दुसरा तयारीचा : लागणारी साधने आधीच मिळवून ठेवायची, कारण साधने मिळाली नाहीत तर नकार देण्याची हीच शेवटची संधी असते. तयारी फसली तर तिसरा, माघारीचा टप्पा येतो आणि मिळवलेले सगळे परत केले जाते. तयारी साधली तर अंमलबजावणी होते, आणि अंमलबजावणीला अपयशी होण्याची मुभा नाही. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा आहे. दहा बदलांपैकी सहा झाले आणि सातवा अडला, अशा अवस्थेतल्या राउटरवर रात्री दोन वाजता ज्याने काम केले आहे, त्याला त्याचे मोल ठाऊक असते.

आपल्या पट्ट्याच्या उदाहरणाला या थराने नेमके उत्तर दिले आहे. कमांडची एक ओळ दोन्ही मर्यादांचे बदल रांगेत लावते आणि एकाच व्यवहारात पुढे पाठवते. सगळे घटक बदलून झाल्यावर एकदाच बोलावले जाणारे एक फंक्शन असते, पट्टा खरोखर बदलण्याचे काम तिथे केले जाते. त्याच्याही आधी तपासणीत हे पाहिले जाते की हा पट्टा राउटरच्या स्थानिक लेबलांच्या पट्ट्यावर चढत तर नाही ना. स्थानिक पट्टा मुळात १५००० ते १५९९९ असा असतो. दोन्ही एकमेकांत घुसले, तर एकाच लेबलाला दोन अर्थ येतील, म्हणून व्यवहार तिथेच नाकारला जातो आणि चालू नेटवर्कला धक्काही लागत नाही.

एवढ्याने काम संपत नाही, कारण लेबले एकट्या आयसिसडीच्या मालकीची नसतात. ती लेबले वाटणाऱ्या एलडीपी या प्रोटोकॉललाही लागतात आणि बीजीपीलाही. म्हणून झेब्रामध्ये लेबलांचा एक व्यवस्थापक असतो आणि प्रत्येक प्रक्रियेने त्याच्याकडून पट्टा मागून घ्यायचा असतो. राउटर सुरू होताना आयसिसडीने आपले कॉन्फिगरेशन वाचून झालेले असते, पण व्यवस्थापकाशी जोडणी झालेली नसते, असे घडू शकते. कॉन्फिगरेशनमध्ये सेगमेंट राउटिंग चालू आहे असे लिहिलेले आहे, प्रत्यक्षात मात्र ते अजून चालू नाही. या दोन अवस्था कोडमध्ये वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि जोडणी मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागते. नवीन सुविधा लिहिणारे बहुतेक जण आपल्या यंत्रावर आधी सगळ्या प्रक्रिया सुरू करतात, मग हाताने कमांड देतात, आणि त्यामुळे हा क्रम त्यांच्या नजरेला कधी पडतच नाही.

आयपीव्ही६ वर चालणाऱ्या सेगमेंट राउटिंगमध्ये, म्हणजे एसआरव्ही६ मध्ये, हाच प्रश्न वेगळ्या वेशात येतो. तिथे लेबलाच्या जागी पूर्ण आयपीव्ही६ पत्ताच सेगमेंट असतो. पत्त्याचा पुढचा भाग राउटरचे ठिकाण सांगतो, त्याला लोकेटर म्हणतात, आणि मागचा भाग तिथे पोहोचल्यावर काय करायचे ते सांगतो. लिनक्स कर्नलमध्ये याचा पाया ४.१० या आवृत्तीत, २०१७ मध्ये आला. आता एखाद्याने लोकेटर काढून टाकला आणि त्यातूनच घेतलेले पत्ते बीजीपीच्या व्हीपीएनमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या खासगी नेटवर्कांमध्ये, वापरात असतील, तर ते पत्ते परत घेणे, शेजाऱ्यांना कळवणे आणि कर्नलमधल्या नोंदी पुसणे ही कामे योग्य क्रमाने झाली पाहिजेत. नवा लोकेटर जोडण्याचा कोड लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त विचार तो काढण्याच्या कोडला द्यावा लागतो, आणि परीक्षण करणारे अनुभवी लोकही आधी तिकडेच पाहतात.

सूचना वाचून दाखवणाऱ्या कोडबद्दलही सांगितले पाहिजे. प्रत्येक घटकाला आपली ओळ छापणारे एक छोटे फंक्शन असते आणि त्याच ओळी फाइलमध्ये जतन होतात. या फंक्शनमध्ये एक शब्द चुकला तर चालू राउटरला काहीही होत नाही. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू होतो तेव्हा मात्र आपलीच लिहिलेली ओळ त्याला वाचता येत नाही. चूक आणि तिचा परिणाम यांच्यात कित्येक महिने गेलेले असतात, म्हणून तिचा माग काढणे अतिशय अवघड होते.

विद्यार्थ्यांसाठी आनंदाची बाब अशी की यातले काहीही शिकायला महागडे राउटर लागत नाहीत. एफआरआरच्या टोपोटेस्ट या चाचण्या पायथनमध्ये लिहिलेल्या असतात आणि लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसच्या, म्हणजे एकाच यंत्रात वेगवेगळी नेटवर्के ठेवण्याच्या सोयीच्या, आधारे एकाच लॅपटॉपवर अख्खे नेटवर्क उभे करतात. कर्नलमध्ये एमपीएलएसचे, म्हणजे लेबले पाहून पॅकेट पुढे पाठवण्याच्या पद्धतीचे, मॉड्यूल चालू केले, की मघाशी सांगितलेले सांगली, मिरज, तासगाव, पलूस आणि विटा असे पाच राउटर तुम्ही आज संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत चालवू शकता. राउटरने दिलेले उत्तर जेसन या ठरावीक मांडणीत घ्यायचे आणि अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे, एवढीच पद्धत आहे.

तुमच्यापैकी कोणी या प्रकल्पाला पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणार असेल, तर माझी सूचना अशी की मोठ्या नव्या सुविधेच्या मागे लागू नका. असलेल्या एखाद्या सुविधेसाठी चाचणी लिहा. पट्टा बदला, लगेच जुना परत आणा, मग सेगमेंट राउटिंग पूर्ण बंद करा आणि कर्नलच्या एमपीएलएस तक्त्यात एकही बेवारस लेबल मागे राहिले नाही ना ते तपासा. राहिले असेल, तर तुम्हाला दुरुस्त करण्याजोगी चूक सापडली आहे. पॅचच्या मथळ्यात आधी प्रक्रियेचे नाव लिहा, खाली आपल्या नावाची साइन-ऑफ ओळ द्या, आणि कमांड बदलली असेल तर कागदपत्रांतला मजकूरही त्याच पॅचसोबत बदला.