आडवळणाचं मेडिकल कॉलेज

नमस्कार, श्रोतेहो.

मेडिकलला नंबर लागला की घरात आनंदीआनंद होतो, आणि कॉलेज कुठलं ते कळलं की कधी कधी तो निम्मा होतो. नाव कुणी ऐकलेलं नसतं, रेल्वे स्टेशनही लांब. ‘तिथे काय शिकायला मिळणार?’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या आधी नातेवाईकच विचारतात.

प्रश्न तसा जुना आहे. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांवर अहवाल लिहिला. फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, पेशाने शिक्षक. पण झोडपायला त्यांनी कमी केलं नाही. प्रयोगशाळेचा पत्ता नाही, रुग्णालय नावापुरतं, फी भरली की पदवी, असा बऱ्याच ठिकाणचा कारभार. अहवालानंतर अशा कितीतरी लहान शाळा बंद पडल्या आणि शिक्षण विद्यापीठांच्या मोठ्या रुग्णालयांकडे सरकलं. वाईट शाळा गेल्या ते बरंच झालं. पण लहान म्हणजे कच्चं, हा समज मात्र मागे राहिला.

आता जरा वॉर्डात चला. मोठ्या रुग्णालयात एका खाटेभोवती विद्यार्थ्यांचा घोळका असतो. पुढच्यांना पेशंट दिसतो, मागच्यांना पुढच्यांचे ॲप्रन. लहान कॉलेजात राउंडला मोजकी मुलं. ‘प्लीहा हाताला लागते का बघ’ असं सरांनी म्हटलं की आपलाच हात पोटावर, डाव्या बरगड्यांखाली दडलेला तो अवयव शोधायला जातो, आणि लागली नसताना ‘लागली’ म्हणून सुटका होत नाही, कारण पुढचा प्रश्न ‘किती बोटं?’, म्हणजे बरगडीखाली किती बोटं वाढली आहे, हा असतो.

किंवा कॅज्युअल्टीतली रात्र घ्या. साप चावलेला शेतकरी आलाय. कोणता साप, माहीत नाही. अंधारात दिसलाच नाही. अशा वेळी एक साधी तपासणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोनेक मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदा तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर गोळा जागचा हलत नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती घालवली आहे, असं धरतात. घोणसाच्या विषाने असं होतं, आणि मग प्रतिविष सुरू करायचं. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही. साबणाने धुतलेलीही चालत नाही. तर नळीवर नजर ठेवायचं काम बहुतेकदा ज्युनियरकडे येतं. पेशंटचा भाऊ सारखा येऊन विचारतो, ‘झालं का?’ आणि नळी जरा उचलून बघायचा मोह काही आवरत नाही. आवरावा लागतो, कारण मध्येच हलवली तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

सकाळी ड्युटी बदलते, पण तो पेशंट त्याच वॉर्डात, त्याच विद्यार्थ्यासमोर असतो. लघवी किती झाली, सूज उतरली का, घरी कधी सोडलं, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत. माझ्या मते लहान ठिकाणाची खरी कमाई हीच. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये काही विद्यार्थ्यांना वर्षभर ग्रामीण भागात, तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली ठेवलं. ही मुलं परीक्षेत मार खातील अशी धास्ती होती. उलट शहरातल्या सोबत्यांपेक्षा त्यांना चांगले गुण पडले. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने असा कार्यक्रम १९७१ पासूनच चालवला होता.

म्हणून सगळं गोड आहे असं समजू नका. शिक्षकांची पदं रिकामी राहतात आणि एकेका विषयाचा सगळा भार एकाच मास्तरांवर पडतो. मेंदूची शस्त्रक्रिया लागली की पेशंट रेफर, म्हणजे ती पाहायला मिळतच नाही. संध्याकाळी जायला जागा नाही. मेस, हॉस्टेल, पुन्हा मेस. रुसवेफुगवे, प्रेमं, नापास होणं, सगळं सगळ्यांना ठाऊक. बाजारात गेलं तर कालचा पेशंट हटकतो, ‘डॉक्टर, ती गोळी जेवणाआधी की नंतर?’ आणि हे डॉक्टर अजून दुसऱ्या वर्षाला! कुणाला यात मजा वाटते, कुणाचा जीव घुसमटतो. घुसमटणाऱ्याला ‘होईल सवय’ म्हणून वाटेला लावू नये. बोलायला कुणीतरी लागतं.

गावाकडची मुलं पुढे गावात डॉक्टरकी करायची शक्यता जास्त, हे बऱ्याच देशांत दिसून आलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये अशा मुलांना प्रवेशात प्राधान्य द्यावं आणि कॉलेजं राजधान्यांबाहेर काढावीत, अशी शिफारस केली. पण नुसती इमारत बाहेर नेऊन भागत नाही.

तेव्हा कॉलेज बघायला जाल तेव्हा गेटसमोर फोटो काढून परत येऊ नका. ओपीडीत पेशंट किती येतात ते स्वतः उभं राहून बघा. कोणत्या विभागात शिक्षक नाहीत, ते इंटर्नना विचारा, ते खरं सांगतात. रात्रीच्या ड्युटीला विद्यार्थ्यांना थांबू देतात का, तेही विचारा. हॉस्टेलच्या खोल्या सगळ्यात शेवटी बघितल्या तरी चालतील.

नमस्कार.