एकच पान उघडं: ग्रंथालयातल्या किऑस्कचा ब्राउझर

[दृश्य: ग्रंथालयाचं दालन. खांबाजवळ उभा टचस्क्रीन, त्यावर पुस्तक शोधण्याचं पान.]

पूर्वी अशा जागी कार्डांच्या खणांचं लाकडी कपाट असे. आता वाचक पडद्यावर लेखकाचं नाव टाकतो आणि पुस्तक कोणत्या मांडणीवर आहे, कोणी नेलंय का, ते त्याला दिसतं. मागे चालते ‘कोहा’ ही प्रणाली. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये तिचं काम सुरू झालं. मुक्त स्रोत असल्यामुळे भारतातल्या अनेक महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी ती घेतली. वाचकांसाठीच्या तिच्या शोधपानाला ग्रंथपाल ‘ओपॅक’ म्हणतात.

ओपॅक ब्राउझरमध्ये उघडतं, आणि ब्राउझर बनवलाच आहे कुठूनही कुठेही जाता यावं म्हणून. चारचौघांत ठेवलेल्या अशा पडद्यावर, म्हणजे किऑस्कवर, मात्र त्याने जागा सोडायची नाही आणि एका वाचकाची माहिती दुसऱ्याला दाखवायची नाही. यातली दुसरी अट अधिक मोलाची. कोण काय वाचतो, ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.

[दृश्य: छोटा संगणक, पडद्यामागे स्क्रूने बसवलेला.]

या संगणकावर डेबियन लिनक्स ही कार्यप्रणाली आणि क्रोमियम हा ब्राउझर आहे. क्रोमियम ‘किऑस्क’ हा पर्याय देऊन सुरू केला की पत्त्याची पट्टी, टॅब, मेनू सगळं नाहीसं होतं. फायरफॉक्समध्ये हीच सोय ७१व्या आवृत्तीत, डिसेंबर २०१९मध्ये आली. बरेच जण इथेच थांबतात. पण या पर्यायाने फक्त पट्टी झाकली जाते, कुलूप लागत नाही.

[दृश्य: बोट एका पुस्तकाच्या नोंदीवर. उजवीकडे ‘प्रिंट’ आणि ‘नोंद जतन करा’.]

बाहेर पडायच्या वाटा ओपॅकच्या पानातच आहेत. ‘प्रिंट’ दाबलं की छपाईची खिडकी येते. तिथे ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ निवडलं की फाइल ठेवण्याची खिडकी, आणि तिच्यात डिस्कवरचे सगळे फोल्डर. ‘नोंद जतन करा’ने फाइल डाउनलोड होते. काही नोंदींत प्रकाशकाच्या किंवा ई-पुस्तकाच्या संकेतस्थळाचा दुवा असतो. तिथून पुढे सगळं इंटरनेट मोकळं. कीबोर्डची एकही कळ न दाबता.

म्हणून बंदोबस्त करायचा तो पॉलिसी फाइलने, म्हणजे ब्राउझरला काय करू द्यायचं ते सांगणाऱ्या नियमांच्या फाइलने. डेबियनमध्ये ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरखाली क्रोमियमचा फोल्डर, त्यात ‘पॉलिसीज’, त्यात ‘मॅनेज्ड’. इथली जेसॉन (ठरावीक रचनेत लिहिलेली मजकूर) फाइल रूटच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्याच्या, मालकीची असते, त्यामुळे किऑस्कच्या खात्याला ती बदलता येत नाही. ‘यूआरएल ब्लॉकलिस्ट’ या बंदीच्या यादीमध्ये एकच तारा: सगळं बंद. ‘यूआरएल अलाउलिस्ट’ या परवानगीच्या यादीमध्ये फक्त ओपॅकचा पत्ता. त्या पत्त्याआधी एक टिंब द्यावं. न दिल्यास त्याची सगळी उपनावंही उघडी राहतात. ही बंदी पानांवरून पानांवर जाण्याला लागू होते, पानातल्या चित्रांना नाही, त्यामुळे मुखपृष्ठं दुसऱ्या सर्व्हरवरून येत असली तरी दिसतात. पानाची आतली रचना उघडून दाखवणाऱ्या डेव्हलपर टूल्सच्या नियमाची किंमत २, म्हणजे पूर्ण बंद. डाउनलोडवरच्या निर्बंधाची किंमत ३, म्हणजे एकही फाइल उतरणार नाही. फाइल निवडण्याच्या खिडक्या, छपाई, पासवर्ड लक्षात ठेवणं आणि भाषांतराची विचारणा, हे सगळं बंद.

इथे एक चूक फार वेळा होते. जेसॉनमध्ये एखादा स्वल्पविराम चुकला तर क्रोमियम ती अख्खी फाइल सोडून देतं, आणि पडद्यावर काही सांगतही नाही. किऑस्क नेहमीसारखा दिसतो, आत मात्र सारं उघडं. चाचणीपुरतं क्रोमियमचं पॉलिसी पान परवानगीच्या यादीत घालायचं, प्रत्येक नियम तिथे दिसतोय याची खात्री करायची, आणि मग ते यादीतून काढायचं.

[दृश्य: काळ्या पडद्यावर काही ओळी, मग थेट ओपॅक.]

ब्राउझर बंद केला तर मागे काय दिसतं? मागे काहीच नसावं. पूर्ण डेस्कटॉप चढवायचा नाही. पडद्यावर चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर, खिडक्या सांभाळणारा एक लहानसा विंडो मॅनेजर आणि क्रोमियम, एवढंच. ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर वापरत असाल तर त्याचा मेनू आणि शॉर्टकट आधी रिकामे करा, कारण मोकळ्या जागेवर उजवं क्लिक केलं की मेनू उघडतो आणि त्यात आज्ञा टाइप करायचा टर्मिनलही असू शकतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जाता येतं. एक्सच्या सेटिंगमध्ये ‘डोन्ट व्हीटी स्विच’ लावलं की ती वाट बुजते.

ब्राउझर मिटला तर तो सिस्टमडीने, म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेने, पुन्हा उठवायचा. पण १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊन पडला, तर सिस्टमडी मूळ सेटिंगप्रमाणे प्रयत्न सोडून देतं आणि पडदा काळाच राहतो. म्हणून ‘स्टार्ट लिमिट इंटरव्हल’ शून्यावर ठेवावं आणि दोन प्रयत्नांमध्ये ३-४ सेकंदांचं अंतर द्यावं.

[दृश्य: वाचक खात्यात शिरतो, आपली पुस्तकं पाहतो आणि तसाच निघून जातो.]

लॉग-आउट करायला माणसं विसरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. क्रोमियमचं प्रोफाइल, म्हणजे वापरादरम्यान साठणारी सगळी माहिती, रॅममधल्या फोल्डरमध्ये ठेवायचं. ‘एक्सप्रिंटआयडल’ ही आज्ञा पडद्याला शेवटचा हात लागून किती मिलिसेकंद झाले ते सांगते. तो आकडा १,८०,०००, म्हणजे ३ मिनिटं झाला की ब्राउझर बंद, फोल्डर पुसलेला, नवा ब्राउझर सुरू. लॉग-इन लक्षात ठेवणारी कुकी गेली, शोधाचा मागमूस गेला. एक मिनिट फार कमी पडतं. मांडणी क्रमांक वहीत उतरवून घेणाऱ्या आजोबांसमोरून पान नाहीसं होतं. प्रत्येक वेळी प्रोफाइल नवं असल्यामुळे ‘नो फर्स्ट रन’ हा पर्याय हवाच, नाहीतर क्रोमियमचं स्वागताचं पान मध्ये येतं.

[दृश्य: पडद्यावर मराठी अक्षरफलक.]

मराठीसाठी आधी फॉन्ट: लोहित किंवा नोटोचं देवनागरी पॅकेज नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. अक्षरफलक ओपॅकच्या पानातच बसवावा. वेगळ्या ऑनस्क्रीन कीबोर्डला बहुधा स्वतःच्या सेटिंगचं बटण असतं, म्हणजे पळवाट आणखी एक. इन्स्क्रिप्ट ही कळांची रचना सगळ्यांना येत नाही. वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला फलक कोणालाही सापडतो. त्यातली ‘ऱ्य’ची कळ नीट तपासा. अक्षरांना संगणकीय क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येतं. नोंदणी एका प्रकारे आणि शोध दुसऱ्या प्रकारे झाला, तर ‘दऱ्या’ असलेलं पुस्तक मांडणीवर असूनही मिळत नाही.

[दृश्य: दालनातले दिवे जातात. पुन्हा येतात.]

लाईट जाणार हे धरूनच चाला. डिस्क ओव्हरलेने, म्हणजे सगळे बदल रॅममध्येच ठेवणाऱ्या थराने, फक्त वाचनापुरती ठेवली की अर्धवट लिहिलेल्या फाइली उरत नाहीत. मात्र असं केल्यावर क्रोमियमचे अपडेटही टिकत नाहीत. महिन्यातून निदान एकदा ओव्हरले काढून ते चढवावे लागतात, आणि ते टाळू नये. संगणक रास्पबेरी पाय ४ असेल, तर त्याला स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत तारीख मागची राहते आणि क्रोमियम ओपॅकचं सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतं. राउटरही उठायला वेळ घेतो. म्हणून सुरुवातीची स्क्रिप्ट आधी घड्याळ जुळायची वाट पाहते, मग ओपॅकचा सर्व्हर उत्तर देतोय का ते बघते, आणि तेव्हाच ब्राउझर उघडते.

[दृश्य: हात प्लगकडे जातो.]

लोकांसमोर ठेवण्याआधी यूएसबी कीबोर्ड जोडून १५ मिनिटं प्रत्येक कळ आणि प्रत्येक दुवा दाबून पाहायचा. मग यूएसबीचे पोर्ट पेटीत बंद करायचे. आणि प्लग दहा वेळा ओढून काढायचा. दहाही वेळा, कोणी हात न लावता, शोधाची रिकामी चौकट पडद्यावर यायला हवी.