चिमटा, पिपेट आणि परळची लॅब

हा अंगठा बघा. पिपेटच्या, म्हणजे द्रव अचूक मोजून उचलणाऱ्या उपकरणाच्या, बटणाला दोन टप्पे असतात, पहिल्या टप्प्यापर्यंत दाबायचं, टिप, म्हणजे टोकाला लावलेली छोटी नळी, द्रवात जेमतेम बुडवायची आणि मग सावकाश सोडायचं. घाई केली की टिपमध्ये बुडबुडा येतो, बुडबुडा आला की माप चुकलं, आणि ९६ खळग्यांच्या प्लेटमधला तो एक खळगा वाया गेला. दिवसभर हेच. संध्याकाळी अंगठ्याचा सांधा ठणकतो, इथल्या जवळजवळ सगळ्यांचाच.

आपण परळमध्ये आहोत. केईएम, टाटा, हाफकिन सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ही मुलगी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, बदलापूरहून येते, आणि रात्री लोकलमध्ये बसायला जागा मिळालीच तर लॅब बुकातले आकडे परत एकदा तपासते.

पूर्वी हे काम तोंडाने चालायचं. काचेची नळी तोंडात धरून स्ट्रॉसारखं ओढायचं, मग आत रक्त असो नाहीतर जंतू. १९५७ मध्ये जर्मनीत मारबुर्गला हाइनरिश श्निटगर या संशोधकाने बटण दाबून माप घेणारी पिपेट बनवली आणि किती जणांचा जीव वाचला असेल याचा हिशोबच नाही.

आता हूडकडे चला, म्हणजे हवा गाळून जंतू बाहेर ठेवणाऱ्या कपाटाकडे. इथे पेशी हाताळतात आणि इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या पेटीत, वाढवतात. ३७ डिग्री तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि वेळच्या वेळी नवा मीडिया, म्हणजे पेशींचा पोषक द्रव. त्यांना रविवार नाही, मेगाब्लॉक नाही, विसर्जनाची सुट्टी नाही, कुणीतरी यावंच लागतं. या कामाला मुंबईत जुनी परंपरा आहे, कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात इथल्याच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) लॅब उभी केली. मीडियाचा रंग लालसर असतो. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि फ्लास्क पिवळा, गढूळ दिसला की समजायचं, बॅक्टेरिया शिरले. मग फ्लास्क ब्लीचमध्ये, हूड पुसायचा, इन्क्युबेटर धुवायचा आणि काही आठवड्यांचं काम पहिल्यापासून.

कंटॅमिनेशनने, म्हणजे नको ते जंतू शिरल्याने, काय होऊ शकतं हे ज्यांच्या नावाची संस्था इथे उभी आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांच्याइतकं कुणी भोगलं नसेल. प्लेगच्या साथीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी लस बनवली, रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्याखाली जंतू वाढवले, आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. लाखो लोकांनी ती लस घेतली. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष आला थेट हाफकिन यांच्यावर, त्यांना कामावरून दूर केलं. नंतर पुढे आलं ते असं, की बाटली उघडताना मदतनीसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच परत वापरला गेला. एवढ्या एका चिमट्याने एवढ्या मोठ्या माणसाची उमेदीची वर्षं खाल्ली. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला, परळच्या लॅबला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

मुद्दा हाच की सगळं हातावर असतं, आणि हात तयार व्हायला वर्षं लागतात. मशीन टेंडर काढून घेता येतं. पण फ्लास्कला किती जोरात टिचकी मारली की तळाला चिकटलेल्या पेशी सुटतात, परदेशातून आलेल्या खोक्यातला थंड ठेवणारा ड्राय आइस उडून गेलाय तर आतल्या अँटिबॉडीवर (प्रयोगात लागणाऱ्या नाजूक प्रथिनावर) विश्वास ठेवायचा का, हे मॅन्युअलमध्ये सापडत नाही, सिनिअरच्या शेजारी उभं राहूनच कळतं. आणि ती सिनिअर ठरावीक मुदतीपुरतीच असते! नेट या परीक्षेतून मिळणारी फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीचं विद्यावेतन, १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (ज्युनिअर फेलोला) महिना ३७ हजार, एसआरएफला (सिनिअर फेलोला) ४२ हजार, वर घरभाडं, सगळं मिळून पाच वर्षं. कागदावर ठीक आहे. खात्यात मात्र कधीकधी महिनोन्महिने काही येत नाही, आणि मुंबईत घरमालक महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच फोन करतो.

पाच वर्षं संपली की कुणी परदेशात पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, जातं, कुणी फार्मा कंपनीत, कुणी मेडिकल रायटिंग करतं, कुणी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतं. चांगली कामं आहेत ही, त्यात कमीपणा काहीच नाही. पण लॅबमध्ये नवीन मुलं येतात तेव्हा शिकवायला तो हात नसतो, मग पुन्हा बुडबुडे, पुन्हा पिवळे फ्लास्क, पुन्हा वाया गेलेलं, मीडियात घालायचं महागडं सिरम.

म्हणून आम्हाला दोन गोष्टी हव्यात. फेलोशिप पगारासारखी एक तारखेला जमा व्हावी. आणि प्रत्येक मोठ्या लॅबमध्ये निदान एक तरी अनुभवी संशोधक कायमस्वरूपी असावा, ज्याचं कामच मुळी नव्या मुलांचा हात बसवणं असेल.