पॅट्सी क्लाइन : आवाज तोच, गाणी वेगळी

अमेरिकी कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनचं नाव निघालं की लोक थेट 'क्रेझी' या गाण्यावर येतात. पण त्याआधीची पाच-सहा वर्षं ऐकल्याशिवाय त्या गाण्याची खरी किंमत कळत नाही.

व्हर्जिनियातल्या विंचेस्टरची ही गायिका, जन्म १९३२चा. १९५४ साली तिनं कॅलिफोर्नियातल्या फोर स्टार या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. त्यात एक कलम होतं : ज्या गाण्यांचे प्रकाशनहक्क कंपनीकडे, तीच गायची. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचे उत्तम गीतकार इतर प्रकाशकांकडे होते, त्यामुळे त्यांची गाणी तिच्यापर्यंत पोचेचनात. निर्माता तेव्हाही ओवेन ब्रॅडलीच होता आणि आवाज तर तिचाच. तरी त्या काळात गाजलं एकच गाणं, १९५७ साली बाजारात आलेलं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'. म्हणून तिच्या आवाजाला उशिरा बहर आला, हे म्हणणं मला पटत नाही. अडलं होतं ते गाण्यांपाशी.

१९६० साली करार संपला, ती थेट डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडे आली आणि त्याच नोव्हेंबरात 'आय फॉल टू पीसेस' रेकॉर्ड झालं.

आता या काळातल्या रेकॉर्डिंगमधला बास लक्ष देऊन ऐका. उभ्या बासचा, म्हणजे उभं धरून वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्याचा, आवाज गोल, भरदार. पण छोट्या रेडिओवर त्याचे सूर विरून जातात. म्हणून ओवेनचा भाऊ हॅरल्ड सहा तारांच्या इलेक्ट्रिक बासवर तेच सूर वाजवायचा, तळव्यानं तारा दाबून, पिकनं (तारा छेडायच्या छोट्या पट्टीनं). त्यानं प्रत्येक सुराला कडा येते. याला 'टिक-टॅक बास' म्हणतात. तो वेगळा ऐकू यायला लागला तर प्रमाण चुकलं. नुसता बास स्पष्ट वाटला पाहिजे.

'क्रेझी' हे गीतकार विली नेल्सनचं. १४ जून १९६१ला क्लाइनला मोटार अपघात झाला, बरगड्यांना मार लागला. २१ ऑगस्टला ती स्टुडिओत उभी राहिली, पण वरचे सूर धरताना कळ यायची. तीन तासांत तीन-चार गाणी उरकणाऱ्या नॅशव्हिलमध्ये हे एकच गाणं पूर्ण सत्र खाऊन बसलं, आणि गायन तरीही मनासारखं झालं नाही. वाद्यं वेगळ्या ट्रॅकवर होती म्हणून निभावलं : काही आठवड्यांनी येऊन तिनं त्यावर आवाज दिला. तयार वाद्यांवर गाताना आवाज वरून चिकटवल्यासारखा वाटण्याचा धोका असतो. इथे ती शब्द मागे रेंगाळू देते आणि ओळीच्या शेवटी वाद्यांना अचूक गाठते. शेवटाकडे पट्टी अर्ध्या स्वरानं चढते, तेव्हाही ताण जाणवत नाही.

५ मार्च १९६३ला टेनेसीत कॅमडेनजवळ विमान कोसळून ती गेली, अवघ्या तिशीत. डेक्काची तिची कारकीर्द अडीच वर्षांचीही नाही.

तिची गाणी विकत घेताना रेकॉर्डिंगचं साल बघाच. फोर स्टारच्या काळातली गाणी असंख्य संग्रहांत पुन्हा पुन्हा निघाली आहेत, आणि तिच्या मृत्यूनंतर काही गाण्यांवर नवी वाद्यंही चढवली गेली. 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'ची तिनं स्वतः गायलेली दोन रेकॉर्डिंग्ज आहेत. १९५६च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये डॉन हेल्म्सची स्टील गिटार पुढे आहे. १९६१च्या दुसऱ्यात जॉर्डनेअर्स या गायकवृंदाचा कोरस आहे. आधी मूळ ऐका, मग दुसरं.